'आर्गॉन' दुसऱ्या भागावर सोडू नकोस

प्रश्न : ताई, मी सांगलीला मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'पिनोकिओ' ही कोरियन मालिका आम्ही मैत्रिणींनी आठवड्यात संपवली आणि शोधपत्रकारच व्हायचं, हे माझं तेव्हाच ठरलं. मग कुणीतरी 'आर्गॉन' सुचवली. दोन भाग बघून सोडून दिली. सगळे नुसते ऑफिसात भांडत असतात, आणि ती नवीन मुलगी काही चूक नसताना सगळ्यांची बोलणी खाते. का, तेच कळत नाही. अडचण अशी की, सेमिनारला मी 'कोरियन मालिकांतली शोधपत्रकारिता' हा विषय देऊन बसले आहे. वीस मिनिटं बोलायचंय. कोणती मालिका धरू? यातलं खरं किती? आणि सर हमखास विचारणार, 'मग यातून शिकलात काय?' त्याला काय उत्तर देऊ?
(नाव छापू नये, सांगली)

उत्तर :

'आर्गॉन'च धर. आणि तिसऱ्या भागाकडे न वळता पुन्हा पहिल्यापासून बघ. तुला जे कंटाळवाणं वाटलं, तोच या मालिकेचा गाभा आहे. पत्रकारांवरच्या बहुतेक मालिकांत नायक बातमी मिळवायला धावतो. इथे तो हातात आलेली बातमी अडवून धरतो आणि त्यापायी आपल्याच वाहिनीतल्या माणसांशी वैर घेतो. ऑफिसातली ती भांडणं 'हे आज दाखवायचं की नाही' यावरची आहेत. सेमिनारसाठी याहून चांगला ऐवज दुसऱ्या कुठल्या मालिकेत मिळणार नाही. शिवाय भाग फक्त ८ आहेत, एकेक साधारण तासाभराचा. शनिवार-रविवारात टिपणं काढत पूर्ण होते.

ओळख आधी नीट करून घे. ही मालिका टीव्हीएन या केबल वाहिनीवर ४ ते २६ सप्टेंबर २०१७ दरम्यान, सोमवारी आणि मंगळवारी लागायची. दिग्दर्शिका ली यून-जोंग. गोष्टीतली एचबीसी वाहिनी काल्पनिक आहे आणि 'आर्गॉन' हे त्या वाहिनीवरच्या शोधवार्ता कार्यक्रमाचं नाव. टीमचा प्रमुख आणि अँकर किम बेक-जिन, म्हणजे अभिनेता किम जू-ह्योक. आणि तुझी ती 'नवीन मुलगी' म्हणजे ली यॉन-ह्वा, अभिनेत्री चॉन वू-ही. ती कंत्राटी पत्रकार आहे आणि तिच्या कंत्राटाचे तीनच महिने उरलेत. किम जू-ह्योकचं हे शेवटचं मालिकेतलं काम. शेवटचा भाग लागल्यावर महिना-सव्वा महिन्यात, ३० ऑक्टोबर २०१७ रोजी, तो मोटार अपघातात गेला. कोरियन प्रेक्षक या मालिकेबद्दल इतक्या हळवेपणाने का बोलतात, याचं हेही एक कारण आहे.

आता यॉन-ह्वावर सगळ्यांचा राग का, ते. कामावरून काढलेल्या पत्रकारांच्या जागी कंपनीने जी माणसं भरली, त्यांतली ती एक. म्हणजे टीमच्या नजरेत ती संपफोडी. तिने स्वतः काही केलेलं नाही, पण ती ज्या खुर्चीवर बसते ती खुर्ची त्यांच्या मित्राची होती. मालिका हे उलगडून सांगत बसत नाही, कारण २०१७ सालच्या कोरियन प्रेक्षकाला ते सांगायची गरजच नव्हती.

ती पार्श्वभूमी अशी. एमबीसी ही कोरियातली मोठी सार्वजनिक वाहिनी. ३० जानेवारी २०१२ रोजी तिथल्या कामगार संघटनेने संप पुकारला. बातम्यांतली वरून होणारी ढवळाढवळ थांबवा आणि अध्यक्षांनी जावं, ही मागणी. संप १७० दिवस चालला. सहा जण बडतर्फ झाले आणि बऱ्याच जणांना वार्तांकनाशी संबंध नसलेल्या खात्यांत टाकलं गेलं. संपाच्या काळातच व्यवस्थापनाने बाहेरून नवे पत्रकार भरले. संप मिटल्यावर जुने आणि नवे एकाच मजल्यावर बसायला लागले, पण त्यांच्यात वर्षानुवर्षं धड बोलणं नव्हतं. बडतर्फ झालेल्यांत चे सुंग-हो हे निर्माते होते. ते 'न्यूजटापा' या लोकवर्गणीवर चालणाऱ्या शोधपत्रकारिता केंद्रात गेले. पुढे ४ सप्टेंबर २०१७ रोजी एमबीसी आणि केबीएस या दोन्ही वाहिन्यांत पुन्हा संप सुरू झाला. तारीख बघ. 'आर्गॉन'चा पहिला भाग लागला तोच हा सोमवार. दिवसा खऱ्या वाहिन्यांचे पत्रकार काम बंद करून बाहेर पडलेले आणि रात्री पडद्यावर यॉन-ह्वा एकटी जेवते आहे, असा तो योग होता. नोव्हेंबरात एमबीसीच्या अध्यक्षांना हटवण्यात आलं, डिसेंबरात ते सहा जण कामावर परतले आणि चे सुंग-होच अध्यक्ष झाले.

मालिका एमबीसीचं नाव घेत नाही, तूही सेमिनारमध्ये 'ही एमबीसीची गोष्ट आहे' असं म्हणू नकोस. 'या पार्श्वभूमीवर ती लिहिली आणि पाहिली गेली' एवढंच म्हण. पण ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून दुसरा भाग पुन्हा बघ, प्रत्येक टोमण्याचा अर्थ लागेल.

मुख्य काम आहे पहिल्या दोन भागांतल्या इमारतीच्या प्रकरणात. मिडटाउन नावाची इमारत कोसळते. माणसं आत अडकलेली. 'साइटचा प्रमुख लोकांना सोडून पळाला' असं पोलिसांकडून कळतं. वाहिनीचं नऊचं बातमीपत्र ते लगेच उचलतं, कारण खलनायक सापडला की बातमीला धार येते. बेक-जिन मात्र अडून बसतो : हे सांगणारा एकच माणूस आहे, आणि त्याला स्वतःला हे कसं कळलं?

इथे पॉज कर आणि वहीचं पान आडवं धरून सहा रकाने पाड. पहिल्यात दावा, एका वाक्यात. दुसऱ्यात तो कोणी सांगितला. तिसऱ्यात सांगणाऱ्याला तो कसा कळला : डोळ्यांनी पाहिलं, कागद वाचला, की दुसऱ्याकडून ऐकलं. चौथ्यात याच्याशी संबंध नसलेलं दुसरं सूत्र किंवा कागद. पाचव्यात ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं घेतलं का आणि त्याला उत्तराला किती वेळ दिला. सहाव्यात बातमी गेली की थांबली, आणि ते दृश्य कितव्या मिनिटाला आहे. पहिल्या दोन भागांत पडद्यावर जे जे दावे होतात, ते सगळे यात भर.

तिसरा रकाना भरताना हात अडखळेल. पोलिस अधिकारी म्हणाला, म्हणून एका वाहिनीने चालवलं. त्या वाहिनीने चालवलं, म्हणून दुसरीने 'वृत्त आहे' म्हणून चालवलं. मग वेबसाइटने दोघांचा हवाला दिला. मोजायला गेलं तर चार सूत्रं, पण मूळ एकच. खऱ्या वृत्तविभागात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, खोटं बोलण्यातून नव्हे. घाईच्या वेळी 'सगळीकडे चाललंय' हाच पुरावा वाटायला लागतो. दुसरी चूक पाचव्या रकान्यातली. बुलेटिनला दहा मिनिटं असताना फोन लावायचा, त्याने उचलला नाही की 'प्रतिक्रिया मिळू शकली नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. याला व्हर्जन घेणं म्हणत नाहीत. ज्याच्यावर गंभीर आरोप आहे त्याला नेमका आरोप लेखी कळवायचा, उत्तराला धड वेळ द्यायचा आणि तो बोलला नाही तर त्याच्या वकिलाकडे, घरच्यांकडे, सहकाऱ्यांकडे जायचं. साइटचा प्रमुख सापडत नव्हता, ही गोष्टच बेक-जिनला थांबायला पुरेशी वाटली. जो उत्तर द्यायला समोर नाही, त्याच्याबद्दल जास्त जपून बोलावं लागतं. त्या माणसाचं खरं काय झालं ते इथे सांगत नाही, मालिकेत बघ.

आता तुझ्या 'पिनोकिओ'कडे. ती टाकाऊ अजिबात नाही. एसबीएसवर १२ नोव्हेंबर २०१४ ते १५ जानेवारी २०१५, २० भाग, ली जोंग-सुक आणि पार्क शिन-हे. लेखिका पार्क हे-र्युन. तुला तिच्यातली प्रेमकथा लक्षात राहिली असेल, पण सेमिनारला सुरुवातीचीच एक गोष्ट उचल. कारखान्यात स्फोट होतो, अग्निशमन दलाचे जवान मरतात, त्यांचा प्रमुख सापडत नाही. शेजारचा माणूस म्हणतो, मी त्याला जिवंत पाहिलं. या शेजाऱ्याला 'पिनोकिओ सिंड्रोम' आहे, खोटं बोलला की उचकी लागते. उचकी लागत नाही, म्हणजे तो खरंच बोलतोय, असं धरून सगळी माध्यमं त्या प्रमुखाला पळपुटा ठरवतात आणि त्याचं कुटुंब उद्ध्वस्त होतं. शेजारी खोटं बोललेलाच नव्हता. त्याने दुसऱ्याच माणसाला पाहिलं होतं.

हा आजार काल्पनिक आहे, पण मुद्दा शंभर टक्के खरा. साक्षीदार प्रामाणिक असणं आणि साक्ष बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून तपासताना 'हा माणूस खोटं का बोलेल?' एवढ्यावर थांबायचं नाही. किती अंतरावरून पाहिलं, उजेड किती होता, किती वेळ दिसला, त्या माणसाला आधीपासून ओळखत होता का, आणि बातमी ऐकण्याआधी हे कुणाला सांगितलं होतं का, हेही विचारायचं. शेवटचा प्रश्न बहुतेक नवखे पत्रकार विसरतात. टीव्हीवर फोटो दिसल्यानंतर लोकांना 'हाच तो' असं मनापासून वाटायला लागतं.

मालिका आली त्याच वर्षी, १६ एप्रिल २०१४ रोजी, सेवोल नावाची प्रवासी बोट बुडाली. ३०४ माणसं गेली, त्यांत बहुतेक दानवॉन शाळेची मुलं. त्या सकाळी अकराच्या सुमारास वाहिन्यांनी 'सगळी मुलं वाचली' असं सांगून टाकलं होतं. आईबापांनी ते पडद्यावर पाहिलं होतं. त्यानंतर कोरियात पत्रकारांना 'गिरेगी' म्हणायची लाटच आली. 'गिजा' म्हणजे पत्रकार आणि 'स्सुरेगी' म्हणजे कचरा, यांचा तो जोडशब्द. 'पिनोकिओ' सेवोलवर बेतलेली नाही. पण सात महिन्यांनी ती पाहणाऱ्याला अग्निशमन प्रमुखाच्या पोरक्या मुलाचा संताप समजावून सांगावा लागला नाही.

याच मालिकेत नव्या पत्रकारांची पोलिस ठाण्यातली उमेदवारी फार जवळून दिसते. पारोसे कपडे, तेलकट केस, ठाण्यातल्या पत्रकार कक्षात भिंतीला टेकून काढलेली डुलकी, आणि ठरल्या वेळी सीनिअरला फोन करून 'काय मिळालं' ते सांगणं. हे अतिरंजित नाही. सोलमधली पोलिस ठाणी 'लाइन'मध्ये वाटलेली असतात. उमेदवार पत्रकाराने रात्री आपल्या लाइनची ठाणी, रुग्णालयांचे तातडीचे विभाग, अग्निशमन केंद्रं फिरायची. लाइन सांभाळणारा सीनिअर म्हणजे 'इलजिन', सगळ्या पोलिस वार्ताहरांचा म्होरक्या म्हणजे 'कॅप', त्याचा दुय्यम 'व्हाइस'. नवख्याने फोनवर अपघाताची बातमी दिली की कॅप विचारतो : गाडीचा रंग? चालकाचं वय? ब्रेकच्या खुणा किती लांब? उत्तर नसेल तर पुन्हा जाऊन बघ. हा जाच वाटतो, पण 'काय विचारायचं राहिलं' हे त्यातूनच अंगवळणी पडतं. २०१८ मध्ये आठवड्याला ५२ तासांची मर्यादा मोठ्या कंपन्यांना लागू झाली, तशी ठाण्यात मुक्काम ठोकायची ही पद्धत मोडीत निघू लागली. म्हणून 'कोरियात पत्रकार असेच घडतात' असं न म्हणता 'तेव्हा असे घडायचे' म्हण.

सबटायटल्समध्ये एक गोष्ट हरवते, तिच्याकडे कान ठेव. ऑफिसात वरच्याला 'सनबे' म्हणतात आणि आदरार्थी 'निम' जोडून 'सनबेनिम' करतात. कोरियन पत्रकार मात्र आपापसात हे 'निम' लावत नाहीत, नुसतं 'सनबे'. बाहेरच्या क्षेत्रातून आलेल्याला हे उद्धट वाटतं, पण वृत्तविभागाचा तो रिवाज आहे. अनुवादात तिथे नुसतं नाव येतं, त्यामुळे कोण कोणाच्या वर आहे ते समजत नाही. पहिल्या भागाच्या वेळी चार-पाच पात्रांचा उतरता क्रम कागदावर लिहून ठेव, भांडणं लगेच कळायला लागतील.

आणखी एक भेद. कोरियात शोधवार्ता दोन वेगळी खाती करतात. एक वृत्तविभागातले पत्रकार, आणि दुसरे 'पीडी', म्हणजे निर्माते, जे तासाभराचे शोधकार्यक्रम बनवतात. एमबीसीचं 'पीडी सुचॉप' १९९० पासून आणि एसबीएसचं 'कुगोशी आल्गो शिप्ता' १९९२ पासून चालू आहे, आणि हे दोन्ही पीडींचे. पत्रकाराला रोजची दीड मिनिटाची बातमी द्यावी लागते, पीडीला एका विषयाला अनेक आठवडे मिळतात. 'आर्गॉन' आणि 'पिनोकिओ' पत्रकारांच्या, तर जानेवारी २०२५ मध्ये डिस्ने प्लसवर आलेली, अभिनेत्री किम हे-सू हिची १२ भागांची 'ट्रिगर' पीडींची. ही शोधताना घोटाळा होतो. त्याच वर्षी जुलैत नेटफ्लिक्सवर बंदुकांवरची वेगळीच 'ट्रिगर' आली, आणि तिच्यात 'पिनोकिओ'तलाच किम यंग-क्वांग आहे. तुला हवी ती 'अनमास्क्ड' या इंग्रजी नावाने शोध.

'खरं किती' याचं सर्वांत ठोस उत्तर कायद्यात मिळेल. पडद्यावर नायक सर्रास खोलीत माइक लपवतो. कोरियात तुम्ही स्वतः ज्या संभाषणात आहात ते रेकॉर्ड करणं गुन्हा नाही. पण दुसऱ्या दोघांचं खासगी बोलणं चोरून रेकॉर्ड केलं, तर दूरसंवाद गोपनीयता कायद्याखाली एक ते दहा वर्षांची कैद होऊ शकते. 'हीलर' या आणखी एका मालिकेतला नायक रात्रीत जेवढी उपकरणं लावतो, त्यांतल्या बहुतेकांनी तो थेट तुरुंगात जाईल.

बदनामीचा कायदा त्याहून कडक. दंडसंहितेच्या कलम ३०७ प्रमाणे खरी गोष्ट जाहीर करूनही एखाद्याची अब्रू गेली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, खोटी असेल तर पाच. सुटका कलम ३१० मध्ये : गोष्ट खरी असली आणि केवळ सार्वजनिक हितासाठी असली, तर शिक्षा नाही. म्हणजे 'खरं आहे' एवढं तिथल्या पत्रकाराला पुरत नाही, 'हे लोकांना कळणं का गरजेचं होतं' हेही दाखवावं लागतं. 'आर्गॉन'मध्ये पुढे बाळांच्या दुधाचं प्रकरण येतं, तिथे कंपनी आणि वकील यांचं वजन बातमीवर कसं पडतं ते बघताना हे कलम आठव. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हाच आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा, आणि सत्य असलं तरी ते लोकहिताचं असावं लागतं. सेमिनारमध्ये ही तुलना नक्की घे. कोर्टाआधीचा मार्गही तिथे आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या माध्यम लवाद आयोगाकडे दुरुस्तीची मागणी करता येते, बातमी कळल्यापासून तीन महिन्यांत आणि प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिन्यांत.

सूत्रांबरोबरच्या जेवणावळींचंही बघ. २८ सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या लाचविरोधी कायद्यात कोरियाने पत्रकारांनाही ओढलं. तेव्हा जेवणाची मर्यादा माणशी ३० हजार वॉन होती, २०२४ मध्ये ५० हजार झाली. 'पिनोकिओ' या कायद्याआधीची, 'आर्गॉन' नंतरची.

मालिका जे जवळजवळ दाखवतच नाहीत, ते म्हणजे कागद. खरी शोधवार्ता बहुतांशी टेबलावर होते. कोरियात जागेचा मालकी उतारा कोणालाही ऑनलाइन ७०० वॉनला बघता येतो, आणि नोंदलेल्या कंपन्यांचे ताळेबंद 'डार्ट' या सरकारी यंत्रणेवर फुकट मिळतात. माहिती उघड करण्याच्या कायद्याखाली अर्जाला दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणखी दहा दिवस वाढवून घेता येतात. आपल्या माहिती अधिकारात ३० दिवस आहेत. इमारत कोसळल्यावर पत्रकाराने पहिल्या संध्याकाळी मागायचे कागद जगभर सारखेच : बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, उपकंत्राटांची साखळी, शेवटच्या तपासणीचा अहवाल, आणि त्यावर सही कोणाची.

आता सरांचा प्रश्न. 'शिकलात काय' याला सांगून उत्तर देऊ नकोस, करून दाखव. सहा रकान्यांचा तोच तक्ता सांगलीच्या एका बातमीवर लाव. पावसाळ्यात फोनवर फिरणारे निरोप आठव : 'कोयनेतून एवढे क्युसेक सोडले, आयर्विनला उद्या पन्नास फूट.' असा एक जुना निरोप घे. मूळ पाठवणारा कोण? विसर्ग नेमका किती वाजताचा? धरणातून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला लागणारा वेळ धरलाय का? वारणेचं पाणी आणि मधल्या पट्ट्यातला पाऊस जमेस धरलाय का? जलसंपदा विभागाचं त्या दिवसाचं पत्रक काय म्हणतं? आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे निरोप लिहिणाऱ्याला माहीत होतं का? किती रकाने रिकामे राहिले ते वर्गाला दाखव. कोरियातली ती कोसळलेली इमारत आणि आपली कृष्णा, दोन्हीकडे तिसरा रकानाच रिकामा निघेल.

वीस मिनिटांची वाटणी अशी ठेव : मालिकेची ओळख दोन मिनिटं, संपाची पार्श्वभूमी चार, इमारतीचं प्रकरण आणि तक्ता आठ, कायदे तीन, सांगलीचा तक्ता तीन. कथानक सांगत बसलीस तर त्यातच बारा मिनिटं जातील, बहुतेकांचं सेमिनार तिथेच फसतं.

क्लिपवर मात्र विसंबू नकोस. ओटीटीवरचा स्क्रीनशॉट बऱ्याचदा काळा येतो, आणि प्रोजेक्टरला जोडल्यावर आवाज येतो पण चित्र येत नाही. कॉपी होऊ नये म्हणून सिग्नल कुलूपबंद असतो. लॅपटॉप, केबल आणि प्रोजेक्टर तिघांनाही ते कुलूप उघडता यावं लागतं, आणि कॉलेजांतल्या जुन्या व्हीजीए प्रोजेक्टरला ते जमत नाही. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच प्रोजेक्टरवर लावून बघ. नाहीच चाललं तर वाहिनीच्या अधिकृत यूट्यूबवरचा प्रोमो मिनिटभर दाखव, आणि मुख्य प्रसंग एका स्लाइडवर लिही : भाग, मिनिट, कोण काय म्हणालं. परीक्षकांना ते जास्त आवडतं, कारण त्यावरून तू मालिका नीट बघितल्याचं कळतं.

नंतर वेळ मिळाला तर आणखी दोन बघ. 'हीलर', २०१४-१५, २० भाग. हाणामारी आणि प्रेमकथा भरपूर, पण तिच्या मुळाशी १९८० च्या दशकातलं चोरटं रेडिओ केंद्र आहे. चुन डू-ह्वानच्या लष्करी राजवटीने १९८० मध्ये वाहिन्या आणि वृत्तपत्रं बळजबरीने विलीन केली होती, हे वाचून मग ती बघ. दुसरी 'हश', जेटीबीसी, डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१, १६ भाग, ह्वांग जोंग-मिन आणि युना. ही वृत्तपत्राच्या ऑफिसातली, आणि पोटासाठी क्लिकच्या बातम्या लिहिणाऱ्या माणसांची. त्यात एका इंटर्न मुलीच्या आत्महत्येचा प्रसंग सुरुवातीलाच येतो आणि तो अंगावर येतो. तू स्वतः आता इंटर्नशिपच्या उंबरठ्यावर आहेस. परीक्षेच्या ताणात, रात्री एकटीने ती लावू नकोस. सेमिनार उरकल्यावर मैत्रिणींबरोबर बघ.